गरज नावाचा रकाना

डिसेंबर लागला की आमच्या मिठागर रोडवर पहाटे माणसं धावू लागतात. वर्षभर धावणारेही असतात, पण थंडीत त्यांची संख्या वाढते. मुंबईची थंडी ती केवढी, पंखा चारवरून एकवर आणण्याइतकी. पण तेवढ्यावरही मुलुंडकर कानटोपी काढतात आणि काहीजण बूट काढतात. मी साडेपाचला उठून खिडकीशी बसते. आधी पावलं ऐकू येतात, मग एक बारीक किणकिण. कुणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळाने एक किलोमीटर झाल्याचं सांगितलेलं असतं. चौघं एकत्र धावत असली तरी चार घड्याळं एकाच वेळी वाजत नाहीत, पुढेमागे वाजतात. आकाशातल्या उपग्रहांशी प्रत्येकाचं नातं थोडं वेगळं असतं, आणि उंच इमारतींच्या मधून धावताना ते आणखी बिघडतं. हे मला माहीत आहे. आयुष्यात बस पकडायलाही न धावलेल्या, पन्नाशी उलटलेल्या बाईला या घड्याळांबद्दल जेवढं माहीत असावं, त्याहून बरंच जास्त मला माहीत आहे.

गेल्या वर्षी या मोसमाच्या तोंडाशी माझ्या धाकट्या भावासाठी, मिलिंदसाठी, मी असं एक घड्याळ निवडलं. जानेवारीत तो गेला. आता पुन्हा थंडी आली आहे आणि खिडकीखाली पुन्हा किणकिण सुरू झाली आहे.

दसरा चार-पाच दिवसांवर आला होता. ऑक्टोबरची उकाड्याची संध्याकाळ होती. मिलिंद दोन गल्ल्या पलीकडे, नवघर रोडला राहायचा. बायको शुभदा आणि मुलगी इरा. येताना चप्पल दारात न काढता हातात घेऊन आत यायची त्याची सवय होती, आईच्या वेळेपासूनची. त्या दिवशी तो सोफ्यावर बसला आणि मालवणीत शिरला. आई गेल्यापासून आमच्यात मालवणी फक्त तोच बोलायचा, आणि तेही काही हवं असलं की.

‘ताई गो, माझा एक काम कर.’

‘बोल.’

‘घड्याळ घ्यायचंय. धावायचं. तू बघ ना जरा सगळं.’

‘मला काय कळतं त्यातलं?’

‘मग कॉलेजसाठी केमिस्ट्रीची पुस्तकं कशी घेतेस? तिथे कळतं?’

मी भांडुपच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्रश्न बिनतोड होता.

‘शुभदाचं म्हणणं एक, माझं एक,’ तो म्हणाला. ‘रोज त्यावरून किटकिट. तू सांगशील ते फायनल. तुझ्यापुढे ती बोलत नाही.’

‘बोलत नाही, कारण तिचं तू ऐकत नाहीस.’

‘बघ! अजून केस उभी राहिली नाही आणि जज पार्टी बदलतेय यार.’

मी हसले, आणि हसता हसता हो म्हटलं.

कॉलेजात कुठलीही वस्तू घ्यायची तर आमची एक रीत असते. ज्या विभागाला वस्तू हवी तो विभाग आपली गरज लिहून देतो. मग तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, तौलनिक तक्ता करायचा, आणि जी वस्तू गरज भागवते त्यांतली स्वस्तातली घ्यायची. तक्त्यात डावीकडे पहिलाच रकाना असतो, ‘गरज’. बाकीचे सगळे रकाने मी तपासते. किंमत तपासते, हमीची मुदत तपासते, बारीक अक्षरातल्या अटी भिंग लावून वाचते. तो पहिला रकाना मात्र तपासायचा नसतो. फिजिक्सवाल्यांनी लिहिलं की त्यांना अमुक तराजू हवा, तर तो हवाच. त्यांच्या गरजेवर शंका घेणारी मी कोण? तीस वर्षं मी अशीच खरेदी केली आणि एकाही तक्त्याला लेखापरीक्षकाने हात लावला नाही.

भावाच्या घड्याळाचाही मी तसाच तक्ता केला.

ते तीन आठवडे मला आवडले होते, हे लिहायला आज जड जातं. संध्याकाळी घरी आले की मी वही उघडून बसायची. नव्या विषयात शिरण्याचं सुख वेगळंच असतं. आधी शब्द परके असतात, मग ते ओळख देऊ लागतात. पडदा उन्हात दिसतो की नाही. बोटाने सरकवायचा पडदा बरा की बटणं बरी? मुंबईच्या घामात बोटं घसरतात, म्हणून बटणं. चार्ज किती तास पुरतो? घड्याळात गाणी ठेवता येतात, पण तो धावताना गाणी ऐकत नाही, मग त्याचे पैसे कशाला? नकाशा दाखवणारं घ्यावं का? मुलुंड ते ऐरोलीचा पूल आणि परत, त्यात नकाशा कसला बघणार? तीन घड्याळं उरली. पहिलं अकरा हजारांच्या आसपास, दुसरं वीसच्या, तिसरं पस्तीसच्या वर. पहिल्या दोन घड्याळांतही नाडीचे ठोके मोजायची सोय होती. तिसरं मात्र ते ठोके नीट पडतात का हेही बघायचं, आणि चुकू लागले तर सांगायचं.

शुभदाला ते तिसरं हवं होतं. तिचे वडील दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यानंतर कुणी दुपारी जरा जास्त वेळ झोपलं तरी ती दोनदा खोलीत डोकावून जाते.

आम्ही तिघं एका रविवारी घाटकोपरला दुकानात गेलो. थंडगार दुकान, काचेखाली ओळीने मनगटं नसलेली घड्याळं. विकणारी मुलगी चटपटीत होती. शुभदाने तिला विचारलं, ‘हे ठोके चुकले तर नक्की सांगतं ना?’

‘हो मॅडम. सेटिंग केलं तर घरच्यांच्या फोनवर पण येणार.’

‘झकास!’ मिलिंद म्हणाला. ‘म्हणजे मी पुलावर पळणार आणि ही किचनमध्ये भाजी परतत माझा स्कोअर बघणार. दोन ठोके गेले की हिचा फोन. तुम्ही यात शिटी पण द्या ना, तीन झाल्या की गॅस बंद.’

ती मुलगी हसली. मी हसले. शुभदाही हसली, पण तिने ते तिसरं घड्याळ काचेवर परत ठेवलं नाही, जरा वेळ हातातच धरून ठेवलं.

तक्ता भरायची संध्याकाळ मला नीट आठवते. मिलिंद माझ्या समोर बसला होता, शुभदा शेंगा सोलत होती. मी ‘गरज’ म्हटलं आणि तो सांगत गेला. अंतर. वेग. बॅटरी. बटणं.

‘आणि ठोक्यांचं?’ मी विचारलं.

‘ताई, घोड्यासारखी तब्येत आहे माझी. सेहेचाळीस म्हणजे काय वय आहे? ऑफिसची लिफ्ट बंद पडली ना, तर सहाव्या मजल्यावर पहिला मी पोचतो. विचार कुणालाही.’

त्या ओळीपुढे मी लिहिलं, ‘लागू नाही’. आमच्या कागदपत्रांतला हा शब्द मला फार आवडायचा. त्यात ना राग असतो ना लोभ. मग मी शुभदाला समजावून सांगितलं की निरोगी माणसाला या सोयीचा तसा उपयोग नाही, पंधरा हजार जास्तीचे जातील, त्यात चांगले बूट येतील. सगळं सावकाश, मुद्द्यांसकट. ती ऐकत होती.

‘ताई म्हणतात तर ठीक आहे,’ ती म्हणाली, आणि शेंगांची टरफलं गोळा करून उठली.

आम्ही दुसरं घड्याळ घेतलं. भाऊबीजेला त्याला ओवाळलं तेव्हा ते त्याच्या मनगटावर होतं. तबकातल्या निरांजनाचा उजेड त्याच्या काचेत हलत होता. मी दर वर्षी मनात जे म्हणते ते म्हटलं. बहिणी काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

मग थंडी आली. या मोसमाला त्याच्यासोबतचे वास आहेत: घामाने भिजलेल्या बनियनचा, संत्र्याच्या सालींचा, त्याच्या पोटऱ्यांना चोळलेल्या मलमाचा. रविवारी धावून झालं की तो थेट माझ्याकडे यायचा, सोफ्यावर न बसता जमिनीवर पसरायचा आणि मनगट माझ्यापुढे धरायचा. ‘बघ, तुझं घड्याळ काय म्हणतंय.’ तुझं घड्याळ. मी चष्मा लावून बघायची आणि मला अभिमान वाटायचा.

एकदा मीही रिक्षाने पुलापर्यंत गेले होते, थर्मास घेऊन. खाडीवर धुकं होतं आणि चिखलात रोहित पक्षी उभे होते, दुरून पुसट गुलाबी रेघेसारखे. मिलिंद पुलाच्या चढावर दिसला. मध्येच तो थांबला, कठड्याला हात टेकला, मान खाली. मी उठून उभी राहिले. तेवढ्यात त्याने घड्याळाकडे बघितलं, हात हलवला आणि पुन्हा धावू लागला. जवळ आल्यावर म्हणाला, ‘सिग्नल गेला होता. उपग्रह शोधत होतो.’ पुलावर, उघड्या आकाशाखाली. मी तीन आठवडे अभ्यास केलेली बाई. उघड्यावर सिग्नल जात नाही हे मला पाठ होतं. तरी मी थर्मास उघडला आणि त्याला चहा दिला.

फसवलं गेल्यानंतर पुढचे दिवस कसेतरी जातात. मागचे दिवस मात्र एकेक करून परत येतात आणि प्रत्येकाकडे पुन्हा बघावं लागतं. तो चहा मला आता तसाच्या तसा आठवत नाही. संत्री आठवत नाहीत. सगळ्यावर त्याचा तो कठड्याला टेकलेला हात येऊन पडतो.

जानेवारीतल्या एका रविवारी तो त्याच पुलावर कोसळला. बरोबरच्यांनी गाडी थांबवली, दवाखान्यात नेलं. पोचेपर्यंत संपलं होतं. घड्याळ बंद करायचं कुणाला सुचणार? ते चालूच राहिलं. त्याने गाडीचा वेगही त्याचाच धरला. चौथ्या दिवशी इराने बाबाचा फोन उघडला तर त्यावर शाबासकी होती: अभिनंदन, आजवरचा सर्वांत वेगवान किलोमीटर. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने ते मला दाखवलं, आईला नाही. ‘आत्या, हे पुसू की ठेवू?’ ते अजून तिथे आहे.

मार्चमध्ये त्याच्या ऑफिसातून एक खोका आला. कप, टेबलावरचं कॅलेंडर, जादा बूट, आणि कुलपाच्या ड्रॉवरमधली एक फाइल. शुभदाने मला बोलावून घेतलं. फाइल टेबलावर माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसली. तपासणीचा अहवाल होता. हृदयाचे ठोके अधूनमधून अनियमित पडतात, पुढच्या तपासण्या कराव्यात, तोवर जोराचा व्यायाम टाळावा. तारीख वाचली. माझ्या सोफ्यावर बसून त्याने मालवणीत काम सांगितलं, त्याच्या दोन दिवस आधीची.

मी काय करायला हवं होतं? ओरडायला हवं होतं बहुतेक. पण मी चष्मा पुसला आणि तो अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, खालच्या बारीक टिपांसकट. मग पुन्हा एकदा वाचला. माझं घर कोसळलं तरी मी आधी छापलेलं वाचते. दुसरं काही मला येत नाही. शुभदा माझ्या चेहऱ्याकडे बघत होती आणि त्या चेहऱ्यावर तिला काही दिसलं नाही.

‘चहा ठेवू?’ तिने विचारलं.

त्या दोन शब्दांनंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. गणपतीत मोदक आले ते इराच्या हातून. मीच शेवटी इराला विचारलं. ती नखं कुरतडत म्हणाली, ‘आईला वाटतं, तुला माहीत होतं. बाबा तुला सगळं सांगायचा ना. तिला वाटतं, तुम्ही दोघांनी मिळून तो चार्ट केला. तिला गप्प करायला.’

यातलं अर्धं खरं आहे. तक्ता तिला गप्प करायलाच केला होता, फक्त ते मला ठाऊक नव्हतं. हे मला हळूहळू उमगलं. महाग घड्याळ त्याला काही नवं सांगणार नव्हतं. त्याला सगळं माहीत होतं. ते आम्हाला सांगणार होतं. म्हणून ते त्याला घरात नको होतं. आणि नको म्हणायला त्याला एक असं माणूस हवं होतं ज्याच्या कागदावर कुणी शंका घेत नाही. त्याने मला घड्याळ निवडायला सांगितलंच नव्हतं. त्याने माझा शिक्का नेला होता, आईच्या भाषेत मागून.

एका डॉक्टरांना मी विचारलं, त्या घड्याळाने तो वाचला असता का? ते म्हणाले, सांगता येत नाही. मला हे उत्तर पुरत नाही. तो वाचला नसता असं जरी कुणी लिहून दिलं, तरी तो माझ्यासमोर बसून ‘घोड्यासारखी तब्येत’ म्हणाला होता आणि मी ते लिहून घेतलं होतं. धावणं त्याला इतकं हवं होतं तर मला सांगून धावता आलं असतं. मी अडवलं असतं, भांडले असते, रडले असते. ते सगळं त्याने माझ्याकडून काढून घेतलं आणि बदल्यात मला तीन आठवड्यांचा छंद दिला.

गेल्या रविवारी इराचा फोन आला. पाऊस संपल्यापासून तीही धावते आहे. ‘आत्या, मला घड्याळ घ्यायचंय. तू बघशील?’

‘बाबाचं आहे की.’

‘ते मी नाही घालणार. त्यात तो रेकॉर्ड आहे.’ मग जरा थांबून, ‘आई पण येतेय बरोबर. तीच म्हणाली, आत्याकडे जाऊ.’

दुपारी दोघी आल्या. शुभदा मार्चनंतर पहिल्यांदाच माझ्या घरात आली होती. ती खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घेऊन, परक्या घरी बसावं तशी. इराने फोन काढला आणि सुरू झाली. हे बघ, हे हलकं आहे. हे महाग आहे पण दिसतं भारी. याची बॅटरी वाईट, कॉलेजातल्या एकीची वाट लागली.

मी वही घेतली नाही. ‘इरा, इकडे बघ,’ मी म्हटलं. ‘धावताना कधी चक्कर येते? दम लागतो, नेहमीसारखा नाही, वेगळा? छातीत धडधड?’

‘नाही गं.’

‘फोन ठेव. माझ्याकडे बघून सांग. कुठे काही तपासून घेतलंयस का? काही कागद?’

‘आत्या, मी बाबा नाहीये!’ ती ओरडलीच. मग तिचा चेहरा पडला. ‘सॉरी. मी आणि आई गेलो होतो डॉक्टरांकडे गेल्या महिन्यात. सगळं नॉर्मल आहे. आईला विचार.’

मी शुभदाकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. मार्चमध्ये बघत होती तशी.

‘हे सगळं तुम्ही त्याला का नाही विचारलंत, ताई?’

‘मला सुचलं नाही,’ मी म्हटलं. ‘तो खोटं बोलेल असं मला कधी सुचलंच नाही.’

‘म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं.’

‘नाही.’

‘त्या दिवशी फाइल वाचताना...’

‘पहिल्यांदाच वाचत होते, शुभदा.’

इतके महिने मी या क्षणाची वाट पाहिली होती. ती एकदा विचारेल, मी नाही म्हणेन, ती विश्वास ठेवेल आणि माझ्यावरचा आळ उतरेल. तिने विश्वास ठेवला. मला ते दिसलं. तिचे खांदे खाली आले, पण सुटका झाल्यासारखे नाही. पर्सच्या पट्ट्याशी तिची बोटं चाळा करत होती.

‘मला वाटायचं, निदान तुम्हाला तरी त्याने सांगितलं असेल,’ ती म्हणाली. ‘तुमचा राग यायचा. फार यायचा. पण वाटायचं, बोलला असेल कुणाशी तरी. घाबरला असेल तेव्हा कुणीतरी होतं त्याला.’ तिने नाक ओढलं. ‘म्हणजे कुणीच नव्हतं. माझ्या शेजारी झोपायचा आणि एकटाच...’

इराने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

‘तुम्ही हो म्हणाला असतात तरी चाललं असतं, ताई,’ शुभदा म्हणाली. ‘खोटं का होईना.’

मी उठून तिच्याजवळ गेले. तिच्या मांडीवरची पर्स काढून बाजूला ठेवली आणि तिचे हात माझ्या हातांत घेतले. थंड होते.

‘मला नाही जमत गं,’ मी म्हटलं. ‘आमच्या घरात ते एकट्या त्यालाच जमायचं.’